आप्पांना ऐकू आलेला एसएमपीएस

सुरुवातीलाच सांगते — माझा भुताखेतांवर, अंगात येण्यावर, बाहेरच्या बाधेवर काडीचाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे आणि तिच्याखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत, त्या मला पाचवीपासून पाठ आहेत. ह्या सदरातले अनुभव मी वाचते, ते खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला राग आला तर येऊ द्या. मी स्वतःच इतकी रागात आहे, की दुसऱ्याच्या रागाचं मला सध्या काही वाटत नाही.

लिहायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या एक बाई नारळ, हळदकुंकू आणि सुनेचा फोटो घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या वडलांना लांबचं ऐकू येतं म्हणं. जरा सुनेचं काय होतंय ते बघायला सांगा की." मी तो नारळ त्यांच्याच पिशवीत परत घातला आणि दार लावून घेतलं. हा तिसरा नारळ. त्याआधी गावाकडून, कवठे येमाईहून, एका नातेवाइकाचा फोन येऊन गेला होता, "देव सोडले ना तुम्ही, म्हणून हे असं मागं लागलंय." आता ह्याला काय म्हणायचं!

म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. ज्याला ह्याचं खरं स्पष्टीकरण देता येत असेल त्यानं जरूर द्यावं. देवाबिवाचं सांगायला येणाऱ्यांनी कृपया येऊ नये.

मी शिरूरला राहते. दोन खोल्या, पुढं छोटं अंगण. घरात मी आणि माझे वडील, आप्पा. आई चार वर्षांपूर्वी गेली. माझं लग्न झालेलं नाही आणि तो ह्या गोष्टीचा विषय नाही.

आप्पा रांजणगावला एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा दाबून आकार द्यायची मोठी मशीनं, एकेक घाव म्हणजे छातीत धडका. बावीस वर्षं. कानात घालायचे बोळे कधी मिळायचे? तर बाहेरून तपासणीला साहेब येणार असतील त्या दिवशी. साहेब गेले की बोळे परत जमा! रिटायर होईपर्यंत आप्पांचे दोन्ही कान गेले. आज सहा वर्षं झाली, त्यांना काहीही ऐकू येत नाही. दारावरची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, अंगणात फटाके फुटले तरी मान वळत नाही. मशीन आणलं होतं कानाचं, त्यातून नुसत्या शिट्ट्या यायच्या म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडलंय. मी त्यांच्याशी बोलते ती मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून. ते मात्र तोंडानं बोलतात, आणि प्रेस शॉपमध्ये बोलायचे त्याच आवाजात बोलतात. आमच्या घरातली भांडणं सगळ्या गल्लीला निम्मीच ऐकू जातात — त्यांची बाजू.

माझं काम असं, की स्पर्धा परीक्षांच्या नोट्स मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देते. पोरं कंपनीच्या बसमध्ये, शेतात पाणी धरताना कानात घालून ऐकतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या फाइल्स परत यायला लागल्या. "मॅडम, मागे घूंऽऽ असा आवाज येतोय." एकदा, दोनदा, मग सरळ, "असंच असेल तर दुसरीकडून करून घेऊ."

मी पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या, घामानं निथळत रेकॉर्डिंग केलं. घूं काही जाईना. शेवटी कळलं की तो आवाज कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा आहे. म्हणजे कॅबिनेटच्या आत मागच्या बाजूला तो पत्र्याचा डबा असतो ना, घरातली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी पुरवणारा... तो. माझा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता. फुकट आलेल्या वस्तूचा पंखा जसा वाजायचा तसा वाजत होता.

मग मी त्या विषयात घुसले. चार दिवस फक्त वाचत होते. कळलं ते एवढंच, की डब्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नये, कुणीही काहीही छापतं. चांगला एसएमपीएस हातात जड लागतो, कारण आत खरा माल असतो. पंखा मोठा असला की सावकाश फिरतो, म्हणून आवाज कमी. कमी तापणारा, वीज कमी वाया घालवणारा घ्यावा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा बनवणारा सहसा भंगार विकत नाही. आणि घरातलं अर्थिंग नीट हवं. आमचं अर्थिंग आप्पांनी स्वतः खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून केलेलं होतं, त्याची मला काळजी नव्हती.

कागदावर मॉडेल लिहून शिरूरमधल्या दुकानात गेले. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, लायकी नाही त्याची. तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही वाचून येता, आम्ही विकून बसलोय. ह्यो घ्या. आतला माल सेम हाय, स्टिकर फक्त येगळं."

मी डबा हातात घेतला. हलका लागला. मला तेव्हाच कळलं होतं! मी म्हणालेसुद्धा, "हा हलका आहे हो." तर तो हसून म्हणाला, "मग काय, भाजी हाय का वजनावर घ्यायला?" दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. आणि मी — चार दिवस वाचलेली मी — त्या हसण्याला लाजून तो डबा घेतला. ह्या सगळ्यात स्वतःवरचा पहिला राग मला त्या क्षणाचा आहे. वॉरंटीच्या स्टिकरवर त्यानं माझी सही घेतली, डबा माझ्या कॅबिनेटमध्ये बसवून दिला, मी घरी आणला.

आणि गंमत म्हणजे तो खरंच शांत होता. मी कॅबिनेटला कान लावला, काही नाही. रेकॉर्डिंग करून पाहिलं, मी बोलत नव्हते तिथं स्क्रीनवरची रेघ सपाट. मला इतका आनंद झाला!

तेवढ्यात आप्पा आत आले. अंगणात शेंगा फोडत बसले होते ते. दोन्ही हात कानांवर दाबलेले, चेहरा आखडलेला.

"सुजे, ते बंद कर."

मी खुणेनं विचारलं, काय? ते कॅबिनेटकडे बोट दाखवत होते. "ते. कान फुटाय लागलं माझं."

मी कॉम्प्युटर बंद केला. आप्पांचे हात खाली आले. चालू केला, हात परत वर. त्यांना पाठमोरं उभं करून केलं, तेच. मग त्यांना बाहेर गल्लीच्या टोकाला उभं केलं, जिथून घरातलं काही दिसत नाही, आणि शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे बघत राहायला सांगितलं. मी पाच वेळा चालू-बंद केला. पाचही वेळा आप्पांनी बरोब्बर कानांवर हात नेले.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही. मी रडले, आनंदानं! सहा वर्षांनी माझ्या बापाला काहीतरी ऐकू येत होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आप्पा!" त्यांनी बघितलंच नाही. ताट वाजवलं. नाही. फक्त तो डबा.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून सगळी तपासणी झाली. जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवले तर फरक नाही. डॉक्टर म्हणाले, "कान गेलेल्यांना कधी कधी डोक्यातच आवाज ऐकू येतात." मी म्हटलं, "पण बंद केला की थांबतो." तर म्हणे योगायोग. पाचदा? ह्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आल्यावर मी आप्पांना लिहून विचारलं, कसा आवाज आहे? त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमच्या शॉपला सात नंबरची प्रेस व्हती. एकदा ती आशीच बारीक वाजाय लागली, किंईऽऽ करून. मला ऐकू आलं. शेजारच्या गड्याला म्हणलं हात काढ. त्याला त्या गदारोळात माझं ऐकूच गेलं न्हाई. आन् प्रेस खाली आली." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं, त्या काकांना मी लहानपणी पाहिलं होतं, डाव्या हाताला बोटं नसलेले.

"ही अंधश्रद्धा न्हाई बरं का," आप्पा म्हणाले. "मशीन ऐकून सांगतोय मी. ह्ये मशीन माणूस धरणार."

आता खरं सांगते, दोन दिवसांत माझा आनंद संपला. मी मशीन लावलं की आप्पा बाहेर जाणार. उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, गल्लीच्या टोकाच्या दगडावर. मला इकडे शांत रेकॉर्डिंग मिळत होतं, काम परत मिळत होतं... आणि हे तिथं सगळ्यांना दिसतील असे बसून. एके दुपारी मी एका लांबलचक धड्याच्या शेवटाला आले होते आणि आप्पांनी येऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं. सगळं गेलं. माझा तोल सुटला. मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं —

'आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही बहिरे आहात.'

त्यांनी ते वाचलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

मी त्याच रागात एसएमपीएस खोलून काढला आणि दुकानात परत न्यायला निघाले. आप्पा दारात आडवे आले. "परत देऊ नगं. फोडून टाक. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जाईल त्यो." मी त्यांना बाजूला करून गेले. दुकानदारानं कटकट केली, पण बदलून द्यायला कबूल झाला. वरचे पैसे घेऊन माझ्या कागदावरचं मॉडेल पुण्याहून मागवून दिलं. तो जड होता. तो लावला, आणि आप्पांना काही ऐकू आलं नाही. ते नेहमीसारखे बहिरे झाले. मी सुटले असं मला वाटलं.

दोन आठवडे गेले. एका सकाळी, दहा वाजून गेलेले, मी पोहे करत होते. आप्पा खाटेवर पेपर वाचत होते ते ताडकन उठले.

"चालू झालं."

माझा कॉम्प्युटर बंद होता. मी प्लग काढून दाखवला. ते मान हलवून भिंतीकडे, न्हावऱ्याच्या अंगाला बोट दाखवत राहिले. "हितं न्हाई. तिकडं. लांब हाय, पन त्योच हाय."

एक वाजता थांबलं. चार वाजता परत सुरू, सातला बंद. दुसऱ्या दिवशीही दहा ते एक, चार ते सात. घड्याळ लावल्यासारखं. मी दुकानदाराला फोन केला, तो परत दिलेला पीस कुणाला विकलात? तो म्हणाला, "विकला कुठं? कंपनीला रिटर्न गेला." इतका सरळ बोलला की माझा विश्वास बसला.

तिसऱ्या दिवशी दहाला आवाज सुरू झाला तसे आप्पांनी पायात चपला घातल्या. "तू यीत नसशील तर मी चालत चाललो." आणि खरंच निघाले. ज्या माणसाला मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही, तो माणूस हायवेच्या दिशेनं! मी शिव्या देत — हो, बापाला शिव्या देत, नाहीतरी त्यांना कुठं ऐकू जाणार होत्या — स्कूटी काढली.

माझ्या मनात डॉक्टरांचं म्हणणं होतं, की हा आवाज कारखान्यातलाच, डोक्यात राहिलेला. म्हणून मी मुद्दाम गाडी रांजणगावच्या रस्त्याला घातली. म्हटलं गेटसमोर उभं करते, बघू दे त्यांना, की आवाज तिथूनही येत नाही. दोन-तीन किलोमीटर गेलो नाही तोच आप्पांनी माझ्या डाव्या खांद्यावर थापा मारायला सुरुवात केली. "डाव्या कानात येतंय. मागं पडाय लागलंय. वळीव गाडी."

मी वळवली. शिरूरात परत येऊन न्हावऱ्याचा रस्ता धरला. थापा थांबल्या.

न्हावऱ्यात पोहोचलो तसा परत डावा खांदा. वडगाव रासाईकडे जाणाऱ्या रस्त्याकडे ते हात करत होते. मी थांबून मोबाईलवर लिहिलं, 'तिकडे भीमा आडवी आहे. पूल पारगावला.' त्यांनी वाचलं, मान डोलावली, पण सगळ्या वाटेनं ते अस्वस्थ होते. पारगावच्या पुलावरून जातानाही मान डावीकडेच. जणू रस्ता वाकडा होता आणि आवाज सरळ. चौफुल्याला सोलापूर रोडला लागलो, मी डावीकडे वळले, तेव्हा पाठीमागून मोठ्यानं म्हणाले, "आता म्होरं हाय. म्होरं."

वरवंड गेलं. पाटसला माझ्या डाव्या खांद्यावर परत थाप बसली. मी दौंडच्या रस्त्याला वळले. आणि तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला. कारण आप्पांना ह्या भागातलं काही माहीत नाही. ते जन्मात दौंडला उतरलेले नाहीत.

दौंडात स्टेशनच्या बाजूनं जाताना शेजारीच इंजिनानं हॉर्न दिला, मी दचकले, गाडी हलली. आप्पा ढिम्म. त्यांनी एका गल्लीशी माझा उजवा खांदा दाबला. पुढे एका जुन्या इमारतीखाली दोन्ही खांदे दाबले. थांब. वर पहिल्या मजल्यावर बोर्ड होता, टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लासचा. त्यावर वेळ लिहिली होती. सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते सात.

मी बोर्ड वाचत होते तोवर आप्पा जिना चढून गेले होते.

दारात मुलींच्या चपलांचा ढीग. आत पाच कॉम्प्युटर, प्रत्येकासमोर एक मुलगी, खिडकीत कूलर. कूलरमधून पाणी गळत होतं आणि फरशीवर त्याची पातळ थारोळी झाली होती. मुली अनवाणी. आप्पांनी एकदाच नजर फिरवली. ते कॉम्प्युटरकडे गेलेच नाहीत. आधी भिंतीवरचा मेन स्विच शोधला, आणि त्यांच्या त्या प्रेस शॉपच्या आवाजात ओरडले —

"हात काढा! सगळ्यांनी हात काढा!"

सगळ्यांचे हात वर गेले. खट करून मेन बंद.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. क्लासच्या मॅडम अंगावर धावून आल्या. "कोण तुम्ही? बायकांच्या क्लासमध्ये असं घुसायचं? पोलिसांना बोलवू का?" मी सांगायला लागले, की माझे वडील बहिरे आहेत आणि त्यांना शिरूरहून तुमच्या कॉम्प्युटरचा आवाज येतो... माझं मलाच ऐकवेना. मुली खिदळायला लागल्या. मॅडमनी त्यांच्या भावाला फोन केला. तो जवळच राहणारा, इलेक्ट्रिशियन. तो आला तोच बाह्या सरसावून.

"काय आजोबा, काय नाटक हाय?"

आप्पांना काही ऐकू गेलं नाही. ते मधल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे बोट दाखवून उभे होते. "ह्यो. टेस्टर लाव ह्याला."

भावानं वैतागून मुलींना बाजूला केलं, मेन चालू केला, एकेका कॅबिनेटला टेस्टर लावला. पहिला — काही नाही. दुसरा — काही नाही. मधला... टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला.

मग त्या कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी म्हणलं होतं ना मुंग्या येतात हाताला. तुम्ही म्हणला खुर्ची बदलून बस."

भावानं मेन बंद करून कॅबिनेट खोललं. एसएमपीएस बाहेर काढला. हलका. त्यावर वॉरंटीचा नवीन स्टिकर होता, आणि त्याच्या कडेनं खालचा जुना स्टिकर अर्धवट खरवडलेला. माझ्या सहीतलं 'सुजा' एवढं स्पष्ट दिसत होतं.

"कुठून घेतला?" मी विचारलं.

"शिरूरहूनच," मॅडम म्हणाल्या. "नवा कॉम्प्युटर जोडून आणला ना आत्ता सोमवारी."

भावानं डबा उघडून दाखवला. आत एक वायर सोललेली, पत्र्याला टेकलेली. शिवाय त्या कॉम्प्युटरसाठी काढलेल्या नव्या बोर्डला अर्थिंग जोडलंच नव्हतं. आमच्या घरी तो डबा कुणाला धरत नव्हता तो आप्पांनी केलेल्या अर्थिंगमुळे, पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जात होती. इथं पाणी होतं, अनवाणी पाय होते. "हे समदं समजलं मला," भाऊ म्हणाला. "पन ताई, शिरूरहून कसं कळलं ते सांगा की."

त्याचा विश्वास बसत नव्हता. त्यानं आप्पांच्या पाठीमागं लोखंडी पाना फरशीवर आपटला. मुली किंचाळल्या, आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यानं सगळ्यांना लांब उभं करून दुसऱ्या बोर्डवर तो डबा क्षणभर चालू केला. आप्पांचे दोन्ही हात कानांवर. बंद केला. हात खाली. त्यानं परत नाही केला. निघताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि आप्पांच्या पाया पडला, तेही मला आवडलं नाही.

डबा आम्ही मागून घेतला. संध्याकाळी त्या दुकानात गेले, काउंटरवर ठेवला. दुकानदाराचा चेहरा उतरला, पण मिनिटभरच. मग म्हणाला, "तुम्हीच वायर सोलली असंल. आमचं नाव खराब करायला." मी आवाज चढवला, लोक जमले. मी सांगितलं, परत घेतलेला खराब माल ह्यानं स्टिकर लावून विकला, एक पोरगी मेली असती. लोक ऐकत होते. आणि तेवढ्यात त्यानं विचारलं, "पन म्याडम, त्यो पीस दौंडात हाय हे तुम्हाला कळलं कसं?"

मी खरं सांगितलं. चूक केली.

दोन दिवसांत शिरूरात गोष्ट झाली ती म्हाताऱ्याची. बहिऱ्याला साठ-सत्तर किलोमीटरवरचं ऐकू येतं! स्टिकरचं कुणी बोलेना, सोललेल्या वायरचं कुणी बोलेना. दुकानदार स्वतः गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो म्हणे. का नाही सांगणार? चमत्कार झाला की चोरी कुणाला दिसत नाही. नारळ आमच्या दारात येतात आणि एसएमपीएस अजून त्याच्याच दुकानातून जातात.

ग्राहक तक्रार केली आहे. वकिलांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "हे वडिलांना ऐकू आल्याचं काढून टाका, नाहीतर केसचं हसं होईल. 'माहिती मिळाल्यावरून' असं लिहा." मी तसं लिहिलं. सरकारी कागदावर खोटं लिहिलं, म्हणून इथं खरं लिहिते आहे.

डबा तक्रारीसोबत जमा आहे. त्यानंतर आप्पांना काही ऐकू आलेलं नाही. डॉक्टर अजून योगायोग म्हणतात. तो इलेक्ट्रिशियन दोनदा फोन करून विचारून गेला, त्याला काही सुचलं नाही, मलाही नाही.

त्या दुपारी जे मी मोबाईलवर लिहून त्यांच्यासमोर धरलं होतं, त्याची माफी मागितली. आप्पा म्हणाले, "खरंच तर लिहिलं व्हतंस." मग म्हणाले, "तुझं ते रेकॉर्डिंग पोरं शेतात ऐकत्यात म्हणं. चांगलं असंल." मी हेडफोन त्यांच्या कानांना लावला आणि आवाज होता तेवढा वाढवला. ते डोळे मिटून बसले. मी स्क्रीनवर बघत होते, माझ्या आवाजाची रेघ वर-खाली होत होती. दोन मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"न्हाई ग," म्हणाले.

सहा वर्षांत माझ्या बापाला एकच आवाज ऐकू आला, आणि तो एका भंगार डब्याचा. का, कसा, मला माहीत नाही. त्या दुकानदाराचा राग मी तक्रारीत लिहिला, कारखान्याचा राग जुना आहे. पण जे काही होतं, ज्यानं दौंडातला आवाज भीमेच्या अलीकडं आणून आप्पांच्या कानात घातला — त्याचाही मला राग आहे. एवढं जमत होतं, तर एकदा माझी हाक ऐकवायला काय झालं होतं?